झेंड्याच्या अलीकडची गाडी

धनेशने वहीत लिहिलं, "दोघंही खरं बोलतात." मग ते खोडलं, कारण दोघंही खरं बोलत असतील तर गाडी पाण्यात गेलीच कशी?

मुरुडच्या किनाऱ्यावर कल्पिता भोईरच्या लॉजच्या ओटीवर तो बसला होता. अंगणात राही म्हात्रे येरझाऱ्या घालत होती. अलिबागची ही खाजगी गुप्तहेर डोकं चालवायची आणि तिचा मदतनीस धनेश डोकं खाजवायचा. चार वर्षं हेच चाललं होतं.

महिनाभरात लॉजसमोर तिसरी गाडी समुद्राच्या पाण्यात रुतली होती. प्रत्येक वेळी क्रेनवाला हिरामण ती ओढून रेवदंड्याला स्वतःच्या आवारात न्यायचा आणि आपल्याच गॅरेजात दुरुस्ती झाल्याशिवाय सोडायचा नाही. कालची गाडी केतन नावाच्या पाहुण्याची. मालकिणीने धोक्याच्या जागी गाडी लावायला सांगितली, अशी तक्रार त्याने नगरपरिषदेत केली होती. आज दुपारी सुनावणी. परवाना गेला तर लॉज बंद, आणि नवऱ्यामागे कल्पिताला दुसरा आधार नव्हता.

"भरतीची हद्द दाखवणाऱ्या लाल झेंड्याच्या अलीकडे लावा म्हणाल्या, अलीकडेच लावली," केतन वैतागून म्हणाला. "काल बाराला. मग यांच्या दिराच्या, प्रज्योतच्या होडीतून किल्ला पाहायला गेलो. परतलो तर चाकं पाण्यात."

"पाणी झेंड्यापर्यंत आलंच न्हाय," कल्पिता म्हणाली. "काल अष्टमी. भांगाचे दिवस हायेत, भांगात पाणी वर चढत न्हाय. काल सकाळीच झेंड्यापाशी बोंबील वाळत घातले, ते अजून कोरडे हायेत. दिवसभर मी मागं सैपाकात होते, पण बोंबील तर खोटं बोलायचे न्हाईत."

राही झेंड्यापाशी गेली. बोंबील खरंच कोरडे होते. तिने झेंड्याचा बांबू हलवला, तसा तो अलगद वर आला. आजूबाजूला पांढरी भुसभुशीत वाळू होती, पण बांबूच्या बुडाला काळा चिखल वाळून बसला होता. धनेशला त्यात पाहण्यासारखं काही दिसलं नाही.

"हिरामणनेच गाडी ओढून पाण्यात नेली असणार," तो म्हणाला.

"विचार त्याला."

धनेशने फोन लावला. "मी काल दुपारभर रेवदंड्यालाच होतो," हिरामण गुरगुरला. "चार वाजता प्रज्योतचा फोन आला, गाडी पाण्यात हाय म्हणून. तेव्हा निघालो. कुणालाही विचारा."

पुन्हा सगळं मुसळ केरात.

एवढ्यात प्रज्योत आला. कल्पिताचा दीर, पंचविशीचा, किल्ल्यावर होडी नेणारा. "उधाणाला कोण अडवणार, मॅडम?" तो हसून म्हणाला. "काल काय पाणी चढलं! झेंड्याच्या वर गेलं."

"किल्ल्यावरून कधी परतलात?"

"पाचला."

"पाचच," केतन म्हणाला. "आम्ही धक्क्यावरून रिक्षाने आलो. हा मोटारसायकलवरून आधीच पोचला होता, गाडीपाशी उभा होता."

राही ओटीवर येऊन बसली. "धनेश, तुझं खोडलेलं वाक्य परत लिही. दोघंही खरं बोलतात. गाडी झेंड्याच्या अलीकडे होती आणि पाणी झेंड्याच्या नेहमीच्या जागेपर्यंत आलं नाही. दोन्ही खरं असेल तर काय हललं?"

धनेशने ते वाक्य पुन्हा लिहिलं.

"झेंडा. बाराला ओहोटी होती. कुणीतरी तो आधीच खाली, ओल्या वाळूत नेऊन रोवला. केतननी त्याच्या अलीकडे गाडी लावली. संध्याकाळकडे भांगाचं बेताचं पाणीही तिथवर आलं. मग झेंडा परत जागेवर. बुडाचा चिखल पुसायचा मात्र राहिला."

"पण कुणी?"

"उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं. अष्टमीच्या पाण्याला उधाण कोण म्हणेल? तू म्हणशील, तू पेणचा. रोज होडी घालणारा म्हणणार नाही, मला परकी समजून थापा मारत असला तरच म्हणेल. आणि चार वाजता प्रज्योत किल्ल्यावर होता. तिथून हा किनारा दिसत नाही. मग ती पाण्यात असल्याचं हिरामणला कसं कळवलं? पाचला रिक्षाच्या आधी पोचून झेंडाही यानेच जागेवर आणला. हिरामण गाडीमागे किती देतो, प्रज्योत?"

प्रज्योत खाली बसला. "होडीचं इंजिन गेलंय, वहिनी. तुझा परवाना जाईल असं वाटलं नव्हतं. घरातली गोष्ट घरात राहू दे. चौथी वेळ येणार नाही."

कल्पिताला रडू कोसळलं. हा पोरगा सातवीत असल्यापासून तिच्या हातचं जेवला होता. तिने पदराने तोंड पुसलं.

"मागितलं असतंस तर गळ्यातलं मोडून दिलं असतं," ती म्हणाली. "मला लोकांसमोर खोटं पाडलंस."

केतनने खिशातून तक्रारीची प्रत काढून फाडली. "तक्रार नवीन लिहू या, ज्याने केलं त्याच्याविरुद्ध," तो अवघडून म्हणाला.

वही धनेशकडेच होती. त्याने पेन उघडलं, पण लिहायचं त्याच्या जिवावर आलं. सगळं उलगडूनही त्याला कधी नव्हे इतका गोंधळ वाटत होता.

"लिहा, भाऊ," कल्पिता म्हणाली. "प्रज्योत बुधाजी भोईर. पत्ता हाच, ह्या घराचा."