डावं मशीन, उजवं मशीन

थिएटरच्या मागच्या बाजूला एक लोखंडी गोल जिना होता. प्रोजेक्टरच्या खोलीत जायचा तेवढाच एक रस्ता, आणि तोही इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावीच लागे. त्या दुपारी ती रिळाचा डबा कमरेवर घेऊन वर चढत होती आणि तो तसाच एक डबा छातीशी धरून खाली उतरत होता. मधल्या वळणावर डब्यावर डबा आपटला, ठण्णकन!

"अहो, बघून!" ती म्हणाली.

"बघूनच उतरत होतो... पायऱ्यांकडे. मध्ये माणूस लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं."

"खालून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. इथला नियम आहे."

"असं? कुणी केला?"

"मी. आत्ताच."

तो हसला. वळायलाही जागा नव्हती, म्हणून पाठीमागची पायरी पायानं चाचपत, उलटाच वर चढू लागला. चेहरा तिच्याकडे, डबा छातीशी. ती पायऱ्यांकडे बघत चढत होती... म्हणजे, तसं दाखवत होती.

वर पोचल्यावर कळलं, हाच तो नवा ऑपरेटर. त्याच्या गावचं थिएटर बंद पडलं होतं, म्हणून मालकांनी त्याला इथं घेतलं होतं. पहिल्या दिवसापासून सगळे त्याला 'नवा' म्हणू लागले आणि पुढं तो चांगला जुना झाला तरी ते नाव काही सुटलं नाही. तिचं नावही तसंच. ती त्या खोलीत, मशीनच्या घरघरीत लहानाची मोठी झाली होती. तिच्या वडिलांनी, सगळ्यांच्या 'मास्तरां'नी, तिथं उभी हयात काढली. आता त्यांची नजर अधू झाली होती आणि डावं मशीन तिच्याकडं आलं होतं, तरी सगळ्यांसाठी ती 'छोटी'च होती.

त्या खोलीचं काम नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. अख्खा सिनेमा एका रिळावर मावत नाही. म्हणून दोन मशीनं लागतात. उजव्यावरचं रीळ संपत आलं की डावं सुरू करायचं, डाव्यावरचं संपत आलं की उजवं. बघणाऱ्याला मधला सांधा कळताही कामा नये. रीळ संपायच्या जरा आधी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका क्षणभर उमटून जातो. तिचे वडील त्याला 'तीळ' म्हणायचे. पहिला तीळ दिसला की आपलं मशीन चालू करायचं, दुसरा दिसला की प्रकाश बदलायचा. ज्याचं मशीन पुढं लागणार, त्यानं भिंतीतल्या काचेपाशी उभं राहून तिळाची वाट बघायची. तो चुकला तर रीळ संपतं, पडदा पांढराफटक होतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात.

तिच्या घरी पांढऱ्या पडद्यासारखी दुसरी नामुष्की नव्हती. संध्याकाळी ती घरी पोचली की वडील आधी तेच विचारत. "पोरी, पडदा?" ती म्हणे, "नाही, बाबा." मग त्यांना जेवण गोड लागे.

आता, एकाचं मशीन चालू असताना दुसऱ्यानं पडद्याकडं पाठ करून आधीचं रीळ हातानं उलटं गुंडाळायचं असतं. त्यामुळे प्रत्येकाला अर्धाच सिनेमा दिसे. आणि इथंच कामचुकारपणा सुरू झाला. गुंडाळायचा दांडा हातात तसाच राही आणि दोघं एकमेकांना आपापला अर्धा सिनेमा सांगत बसत.

"मग? तुमच्या रिळात काय झालं?" ती विचारी.

"फार वाईट झालं. त्याचा जुळा भाऊ परत आला."

"जुळा भाऊ? माझ्या रिळात तर तो एकुलता एक आहे!"

"आईनं लपवून ठेवलं होतं ना..."

ती त्या भावासाठी आठवडाभर हळहळली. घरी वडिलांनाही सांगितलं. मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून तोच सिनेमा बघितला आणि दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्या सिनेमात जुळा भाऊच नाही!"

"नसेल," तो शांतपणे म्हणाला. "पण तुम्ही इतकं मन लावून ऐकत होतात... म्हटलं, एक भाऊ घालून टाकू."

"आणि मी बाबांना सांगितलं त्याचं काय?"

"त्यांना सांगा, भाऊ पुन्हा निघून गेला."

तिला राग यायला हवा होता. पण हसू आवरता आवरेना. मान वळवून ती हसत राहिली, आणि तिच्या कानाखाली एक बारीकसा तीळ होता, तो नेमका त्याच्या बाजूला आला.

"माझ्याकडं काय बघताय?" तिनं न वळताच विचारलं.

"मास्तरांची शिकवण आहे ना... तीळ दिसला की नजर हलवायची नाही."

तिनं भराभरा दांडा फिरवायला घेतला. कान मात्र लाल झाले होते.

यापुढं दोघांपैकी कुणी एक अवाक्षर बोललं नाही. म्हणजे बोलत खूप होते, पण ते नाही. चहा गार होई, मशीनवर धूळ बसे, एकानं दिलेला फडका दुसरा हातात तसाच धरून बसे. ती रोज ठरवून यायची की आज काहीतरी बोलायचंच, आणि रोज जुळ्या भावावरूनच त्याला टोमणा मारून घरी जायची.

मग तो दिवस आला. उजवं मशीन चालू होतं. पुढं डावं लागायचं होतं, म्हणजे काचेपाशी तिनं उभं राहायचं. ती उभी होतीच. पण मागं तो टेबलाशी वाकून एक तुटलेली फिल्म चिकटवत होता. त्या फिल्मचा एक पट्टा त्यानं मफलरसारखा गळ्यात टाकला होता, ओठ मुडपले होते, आणि ओल्या सांध्यावर तो अगदी हळू फुंकर घालत होता, एखाद्या लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी. मशीनच्या फटीतून सांडलेला उजेड त्याच्या गालावर हलत होता. ती सहज वळली होती... मग वळलेलीच राहिली.

पहिला तीळ आला आणि गेला. दुसराही गेला. आणि खालून शिट्ट्यांचा कल्लोळ उठला.

तो उडी मारून डाव्या मशीनपाशी पोचला. खटके दाबले, झडप उघडली, पडद्यावर पुन्हा माणसं बोलू लागली. तेवढ्यात जिना दणाणला आणि मॅनेजर धापा टाकत दारात उभे.

"कोण होतं मशीनवर?"

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

"मी होतो," तो म्हणाला. "डोळा लागला, साहेब."

मॅनेजर खाली गेल्यावर ती कुजबुजली, "का सांगितलंत असं?"

"माझ्या घरी मला पडद्याबद्दल विचारणारं कुणी नाही," तो म्हणाला. मग गळ्यातला पट्टा काढत, "तुमचं लक्ष... कुठं होतं?"

"असंच," ती म्हणाली. "कुठंच नाही."

मालकांचं दूरच्या गावी आणखी एक थिएटर होतं. पुढच्या सोमवारपासून त्याला तिथं जायचा हुकूम झाला.

ते उरलेले दिवस फार वाईट गेले. कुणी कुणाला सिनेमा सांगेना. रिळं वेळेवर गुंडाळली जात, मशीनं लखलखीत पुसली जात, दोन्ही तीळ अचूक टिपले जात. कामात एकही चूक होईना आणि नेमकं तेच तिला सहन होईना. तो काचेपाशी उभा असला की ती त्याच्या पाठीकडं बघे आणि मनात म्हणे, वळा ना एकदा. तो वळायच्या आतच स्वतः खाली बघे.

रविवारी सकाळी वडील म्हणाले, "तो पोरगा जातोय म्हणे. मशीनवर झोपला."

"हं."

"शिट्ट्या फार वेळ झाल्या का गं?"

"नाही, बाबा. त्यांनी लगेच उडी मारली."

वडिलांनी मान तिच्या आवाजाकडं वळवली. मग म्हणाले, "झोपेतून उठलेला माणूस आधी आपण कुठं आहोत ते बघतो, पोरी. उडी मारत नाही... कुठलं मशीन लागायचं होतं?"

"डावं," ती म्हणाली, आणि रडू लागली.

वडिलांनी चाचपडत तिचा हात शोधला. "डोळा लागला होता?"

"नाही."

"मग काय झालं होतं?"

तिनं मान खाली घातली. वडिलांना नीट दिसत नव्हतं, पण ते मुलीचे वडील होते. "बरं, बरं," ते म्हणाले. "मला नको सांगूस. ज्याला सांगायचंय त्याला जाऊन सांग. मला पडद्याबद्दल रोज विचारायची सवय आहे, ती मी मोडीन."

ती तशीच निघाली. मॅनेजरांच्या खोलीत तो प्रोजेक्टरच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवून उभाच होता. ती दार न वाजवता आत शिरली.

"साहेब, त्या दिवशी मशीनवर मी होते."

"काय?" मॅनेजरांनी चष्मा वर सरकवला. "अगं छोटी, मास्तरांची मुलगी तू! तुला डोळा लागला?"

"नाही. जागी होते."

"मग लक्ष कुठं होतं तुझं?"

पंखा गरगरत होता. ती टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाली, "ह्याच्याकडं."

'ह्यांच्याकडं' म्हणायचं होतं तिला. पण तोंडून निघालं ते असं निघालं. तो एकदम वळला.

"ह्याच्याकडं?" मॅनेजर गोंधळले. "का, हा काही गडबड करत होता?"

"नाही. फिल्म चिकटवत होता."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"मलाही तेच कळत नव्हतं, साहेब..." तिचा आवाज बारीक झाला. "आता कळलंय."

मग तो खाकरला.

"साहेब, माझंही थोडं ऐका. तो सांधा केव्हाच वाळला होता. टेबलावर डब्याचं झाकण होतं, चकचकीत. त्यात मला ही दिसत होती, माझ्याकडं बघताना. म्हटलं, मी थांबलो तर ही नजर काढून घेईल... म्हणून फुंकत राहिलो."

तिनं मान वर केली. आता कान लाल व्हायची पाळी त्याची होती.

मॅनेजर आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिले. "म्हणजे ही तुझ्याकडं बघत होती, आणि तू हिच्याकडं. मग पडद्याकडं कोण बघत होतं?"

"प्रेक्षक," तो म्हणाला.

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. "मालकांना हे मी काय म्हणून कळवू? आणि तिकडं माणूस कबूल करून बसलोय, एकाला तर जायलाच हवं!"

"चूक माझी, मी जाते."

"मास्तरांना सोडून? मी जातो."

"मला एकच हवाय!" मॅनेजर ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तूच जा रे बाबा. इथं दोघं एका खोलीत ठेवले, तर पडदा रोज पांढरा व्हायचा. आणि आता निघा बाहेर."

दोघं बाहेर आले. सकाळच्या रिकाम्या थिएटरात कुणीतरी खुर्च्यांमधून झाडू मारत होतं, त्याचा एकसुरी आवाज येत होता. त्याला उद्या जायचं होतं, ते काही बदललं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. इतके दिवस जवळ असताना दूर होता, आणि आता जवळ आला तर चालला.

"लांब आहे का रे ते गाव?" तिनं विचारलं.

"आहे. पण सुट्टीच्या दिवशी पहाटे निघालो तर जेवायच्या वेळेला पोचेन. मास्तरांनाही भेटेन. जुळ्या भावाची माफी मागायचीय." तो थांबला. "तिथं सुट्टी गुरुवारी असते. तुझी?"

"मंगळवारी."

त्याचा पडलेला चेहरा तिनं डोळे भरून बघून घेतला. आता लपून बघायची गरज नव्हती. मग ती वळली आणि मॅनेजरांच्या दाराकडं चालू लागली.

"अगं, आता काय सांगणार त्यांना?"

"हेच," तिनं दारावर टकटक करत म्हटलं, "की गुरुवारी माझं कामात लक्ष लागणार नाही."