कानटोपीतलं अभ्रक

प्रिस्किला गावितने पिशवीतून काढलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि नवनीत पाटील खुर्चीसकट मागे सरकला.

करड्या लोकरीची कानटोपी होती. मागून फाटलेली. फाटलेल्या जागी रक्त वाळून लोकर पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती.

"माझ्या बाबांची," प्रिस्किला म्हणाली. "सोमवारी सकाळी नऊ वाजता नेसू नदीच्या पात्रात सापडले. पोलिस म्हणतात, धुक्यात पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. काल त्यांना माती दिली."

याकूब गावित खांडबाऱ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. प्रिस्किला त्यांची थोरली लेक, नंदुरबारला नर्स होती. डोळे सुजलेले, पण आवाज पक्का.

कोकिळा वळवीने खिडकीचा पडदा सारला. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतली वीस वर्षांची नोकरी सोडून तिने नंदुरबारात हे खाजगी तपासाचं ऑफिस काढलं होतं. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला, मूळचा कोरीटचा नवनीत तिच्या जोडीला असे. जीप चालवणं, ओळखी काढणं ही त्याची कामं. विचार करणं आपलं काम नाही, असं तोच हसत सांगे.

"पोलिसांचं म्हणणं तुला का पटत नाही?" कोकिळाने विचारलं.

"टोपी उन्हात धरून बघा."

कोकिळाने भिंग घेतलं. लोकरीत बारीक कण अडकले होते. एक कण लखकन चमकला. सुईच्या टोकाने तिने तो उचलला, तर त्याचा पातळ पापुद्रा सुटला.

"अभ्रक," ती पुटपुटली.

"बाबांनी आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं," प्रिस्किला म्हणाली. "आपल्या काळ्या खडकात अभ्रक नसतं."

कोकिळाने आणखी कण वेगळे केले. काही काचेसारखे पारदर्शक. त्यातला एक तिने काचेच्या तुकड्यावर दाबून ओढला, तशी काचेवर रेघ उठली. काही दुधाळ पांढरे, सपाट अंगाचे.

"पारदर्शक ते क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. पांढरे ते फेल्डस्पार. वर अभ्रक. तिन्ही एकत्र आली की दगड कुठला, नवनीतभाऊ?"

"मला काय विचारता, मॅडम?"

"ग्रॅनाइट. आणि नेसूच्या पात्रात सगळा बेसॉल्ट. लाव्हा झटकन थिजून झालेला. त्याचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत, अभ्रक तर नाहीच."

"वाळू असेल की. बांधकामाच्या वाळूत चमकतं कधीकधी."

"वाळू पाण्यात घासून गुळगुळीत होते. ह्यांच्या कडा बघा, आत्ताच फुटल्यासारख्या धारदार आहेत." कोकिळाने भिंग खाली ठेवलं. "ह्या माणसाचं डोकं नदीतल्या दगडावर आपटलेलंच नाही. कुणीतरी ग्रॅनाइटने फोडलं आणि मग त्यांना नदीत नेऊन टाकलं."

प्रिस्किलाला हे आधीच कळलं होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"बाबांचा चष्मा कुठे होता?" कोकिळाने विचारलं.

"सदऱ्याच्या खिशात. घडी करून."

"धुक्यात, दगडधोंड्यांतून चालणारा माणूस चष्मा काढून ठेवील?"

"नाही हो. बाबा फक्त झोपताना आणि चहा पिताना चष्मा काढायचे. वाफ धरते म्हणून."

"त्या दिवशी घरी चहा घेतला होता?"

"नाही. साडेपाचला तसेच बाहेर पडले, असं योहान सांगतो. माझा धाकटा भाऊ."

*

गुरुवारी सकाळी दोघं खांडबाऱ्यात पोचली. नवनीतला संशयित शोधायला वेळ लागला नाही. फुलसिंग नाईक ह्याचं गावाबाहेर खडीचं क्रशर होतं आणि सुरुंगांनी शाळेच्या भिंती तडकतात, असा अर्ज गावित सरांनी केला होता.

फुलसिंग क्रशरवरच भेटला. धुळीने पांढरा झालेला आडमाप माणूस.

"भांडलो, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण मला दहावी पास त्यांनी केलं. त्यांच्यावर हात उचलीन मी?"

त्याच्या ऑफिसची पायरी काळीभोर, चकचकीत होती. नवनीतने कोकिळाला कोपराने खुणावलं.

"ही ग्रॅनाइटची ना?" त्याने मुद्दाम विचारलं.

"एक नंबरचा काळा ग्रॅनाइट," फुलसिंग म्हणाला.

जीपमध्ये बसताच नवनीत उसळला. "सापडला ना दगड!"

"दुकानात त्याला ग्रॅनाइट म्हणतात," कोकिळा म्हणाली. "भिंगाने बघितला मी. गारगोटी नाही, अभ्रक नाही. आपल्या बेसॉल्टचाच भाऊ, फक्त जमिनीखाली सावकाश थंड झालेला, म्हणून दाणे थोडे मोठे. टोपीतले कण ह्या पायरीचे नाहीत."

नवनीतचा चेहरा पडला.

गावितांच्या घरात पुढच्या खोलीत सरांचा दगडांचा संग्रह होता. प्रत्येक दगडाखाली सुबक अक्षरातली चिठ्ठी. योहान भिंतीला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. एका खणात मुठीएवढा ग्रॅनाइटचा तुकडा होता. त्याने योहानकडे पाहिलं आणि मग कोकिळाकडे.

"राजस्थानातल्या जालोरचा," कोकिळाने चिठ्ठी वाचली. "गुलाबी फेल्डस्पार." तिने तुकडा जागेवर ठेवला. "टोपीत एकही गुलाबी कण नाही."

टेबलावर सरांची रोजनिशी होती. शेवटचं पान शुक्रवारचं. कोकिळाने मोठ्याने वाचलं: "योहानसोबत नंदुरबार. साक्षीदार म्हणून सही केली. मन भरून आलं."

"क्रशरच्या तक्रारीची सही," नवनीत म्हणाला.

कोकिळाने योहानला विचारलं, "कसली सही होती?"

"मला माहीत नाही." तो झटकन म्हणाला आणि हातातल्या फोनकडे पाहू लागला. कुणाला तरी लावत होता. फोन बंद येत होता.

*

दुपारी नवनीतने जीप स्टेशनजवळच्या एका हॉटेलापुढे उभी केली. "जेवणाचं नंतर बघू. इथली इडली खा आधी. रतिलाल मन्हा दोस्त शे, नंदुरबारला शाळेत एका बाकावर बसायचो."

रतिलाल गल्ल्यावरून उठून आला आणि त्याने नवनीतला मिठी मारली. बुटका, हसरा, कपाळाला गंध.

"कथा व्हता रे इतला दिन? बठ, बठ. गरम इडली शे."

हॉटेलच्या मागच्या दारातून थेट नदीचं पात्र दिसत होतं. दाराशी मोठा ग्राइंडर होता, पुसून लख्ख केलेला.

"गावित सरांचं वाईट झालं," कोकिळा म्हणाली. "इथे यायचे का ते?"

"रोज सकाळी. पहिला चहा त्यांचा." रतिलालने मान हलवली. "सोमवारी मात्र आलेच नाहीत. मी वाट बघत होतो. मग नऊ वाजता ओरडा झाला."

नवनीतने इडली तोंडात घातली आणि दात करकरला. त्याने बोटाने कच काढून बशीच्या कडेला लावली.

"माफ कर भाऊ," रतिलाल ओशाळला. "रविवारी ग्राइंडरच्या दगडाला टाकी लावून घेतली. दगड गुळगुळीत झाला होता. छिन्नीने टाचे मारले की चार दिवस कच येते."

"चालायचंच," नवनीत म्हणाला आणि त्याने आणखी दोन इडल्या मागवल्या. "रुपाली दिसत नाही? गल्ल्यावर तीच असते ना?"

"सोमवारी आठच्या गाडीने बारडोलीला धाडली. मामाकडे. राहील महिनाभर."

"फोन लाव की. दोन शब्द बोलतो लेकीशी."

"फोन बिघडलाय तिचा."

कोकिळाने कागदी रुमालाची पुडी करून पर्समध्ये टाकली. नवनीत इडलीत गुंग होता. त्याने विचारलंही नाही.

*

शुक्रवारी दुपारी कोकिळाने सगळ्यांना त्याच हॉटेलात बोलावलं. प्रिस्किला, योहान, फुलसिंग आणि पोलिस ठाण्याचे जमादार दलसिंग वसावे. गिऱ्हाईक नव्हतं. चहा खुद्द रतिलालने आणून ठेवला. फुलसिंग आता अडकणार, असं नवनीतला वाटत होतं.

"सरांना मारणारा दगड आपल्या मुलखातला नव्हता," कोकिळाने सुरुवात केली. "तो ग्रॅनाइट होता, पांढऱ्या फेल्डस्पारचा. फुलसिंगची पायरी नावालाच ग्रॅनाइट. सरांच्या घरातला तुकडा खरा, पण गुलाबी. मग इथे कशाला ग्रॅनाइट येतो? दक्षिणेतून, एका कामासाठी. आणि कण सुटले होते, म्हणजे त्या दगडावर नुकतेच घाव घातले होते. घासून जुना झालेला दगड असे कण सोडत नाही."

तिने पर्समधून दोन पुड्या काढल्या आणि शेजारी शेजारी उघडल्या.

"ही टोपीतली. ही काल नवनीतभाऊंच्या इडलीतली."

नवनीतला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. त्याने तोंडावर हात दाबला. मागच्या दाराशी ग्राइंडर उभा होता. त्यातला गोल दगड काढून धुता येत होता, हे त्याने शंभर वेळा पाहिलं होतं.

"कच सारखी असेल," रतिलाल म्हणाला. हसू अजून ओठांवरच होतं. "हे यंत्र काय मी एकट्यानेच घेतलंय?"

"खरं आहे. म्हणून चष्मा बघा. चष्मा खिशात, म्हणजे सर चहा प्यायला बसले होते. घरी चहा झाला नव्हता. रोजचा पहिला चहा इथे. तुम्ही म्हणता, आलेच नाहीत."

"नव्हतेच आले!"

"तुम्ही मुलीला आठच्या गाडीने पाठवलंत. प्रेत सापडलं नऊला. एवढी कसली घाई?" कोकिळा योहानकडे वळली. "मागच्या शुक्रवारी बाबांनी कुठे सही केली?"

"विवाह नोंदणीच्या ऑफिसात. माझं आणि रुपालीचं लग्न झालं. तिच्या घरी मी जातो, मी सांगतो, असं बाबा म्हणाले. सोमवारपासून तिचा फोन बंद आहे. मी खरं बोललो तर घरचे तिला काही करतील, म्हणून गप्प बसलो."

"योहान!" प्रिस्किला किंचाळली.

"फोन बिघडलेला नाही," कोकिळा म्हणाली. "नवनीतभाऊ, गल्ल्याचा खालचा खण उघडा. काल पैसे देताना तो उघडला होता, तेव्हा मी फोन पाहिला."

नवनीत उठला. त्याने खण ओढला. निळ्या कव्हराचा फोन होता. कव्हरवर रुपालीचा शाळेतला फोटो चिकटवलेला. ह्या मुलीच्या बारशाला त्याने पाळणा हलवला होता.

"रतिलाल," तो म्हणाला. "सांग ना, हे खोटं शे म्हणून. सांग ना रे."

रतिलालच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कुणालाच दिसलं नाही.

"दगड धुऊन ग्राइंडरमध्ये बसवत होतो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, रोजचा. "सर चहा पिऊन कप ठेवायला आत आले. हसत होते. म्हणाले, रतिलाल, आपण व्याही झालो. एवढंच म्हणाले आणि साखर जास्त झाली म्हणून पाणी प्यायला माठाकडे वळले. माझ्या दोन्ही हातांत दगड होता."

फुलसिंग भिंतीला धरून खाली बसला.

"आणि मग?" जमादाराने विचारलं.

"मग धुकं होतं. नदी पन्नास पावलांवर." रतिलालने तळहात पँटला पुसले. "परत येऊन दगड पुन्हा धुतला. डाळ भिजलेली होती. दळायची राहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, आज इडली का नाही."

नवनीत धडपडत बाहेर गेला आणि गटाराच्या कडेला ओकला. आत वसावे जमादार ग्राइंडरचा दगड उपसून घेत होते. मधल्या भोकाच्या तळाशी, जिथे बोट पोचत नाही, तिथे काळपट काहीतरी वाळलेलं होतं.

कोकिळा बाहेर नवनीतच्या मागे येऊन उभी राहिली. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"कालच कळलं होतं तुम्हाला?" नवनीतने विचारलं.

"शंका होती. रात्री भिंगाखाली बघितल्यावर खात्री झाली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही मित्राला विचारायला गेला असता."

नवनीतने चूळ भरली. ते खरं होतं.

"आणखी एक काम आहे," कोकिळा हळूच म्हणाली. "मी रुपालीच्या मामाला फोन केला होता. ती चारच्या गाडीने येते आहे. तिला कुणीच काही सांगितलेलं नाही. योहान आत्ता तिच्यासमोर उभा राहू शकणार नाही. मी परकी आहे."

घड्याळात पावणेचार झाले होते.

गाडी वेळेवर आली. रुपाली शेवटच्या डब्यातून उतरली. हातात एकच पिशवी, अंगावर नवा पिवळा ड्रेस. नवनीतला पाहताच ती जवळजवळ धावतच आली.

"काका! तुम्ही? पप्पांनी पाठवलं ना तुम्हाला?" तिला धाप लागली होती. "म्हणजे राग गेला त्यांचा. सरांनी समजावलं असणार. मी योहानला म्हणालेच होते, सर बोलले की पप्पा ऐकतील. काय म्हणाले सर?"

गाडी हलली. डबे एकेक करून पुढून गेले, मग रूळ रिकामे झाले.

नवनीतने तिच्या हातातली पिशवी घेतली. दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला आणि तिला सावलीतल्या बाकापर्यंत नेलं.

"बस पोरी," तो म्हणाला. "आधी खाली बस."

ती बसली. त्याचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. नवनीत तिच्यासमोर फलाटाच्या फरशीवरच उकिडवा बसला, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सोमवारच्या सकाळपासून सांगायला लागला.