वरच्या गल्लीचा वॉलमन

ही गोष्ट २०१४ सालची. जालना जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या नगरपरिषदेत मी तेव्हा वरच्या गल्लीची नगरसेविका होते. गावाला आठ दिवसांनी पाणी यायचं... पण ते खालच्या गल्लीपर्यंतच. वर चढायचंच नाही. पाणीपट्टीची बिलं मात्र घरोघरी बराबर यायची, आणि त्या जानेवारीत तर नळ तोडायच्या नोटिसा आल्या.

नोटीस हातात घेऊनच शेजारची पायल तिच्या दारात उभी होती. बी.कॉम.ला शिकणारी, जिभेची तिखट. समोरून राजानंद आला. आमचा कंत्राटी वॉलमन, खांद्यावर पाणी सोडायचे वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी.

"ओ वॉलमन! कुठून आले?"

"वॉल सोडून आलो."

"कुणासाठी? आमच्या नळातून तर नुसती हवा येऊन राह्यली."

"पाणी वर चढत न्हाई ना, मॅडम."

"मंग बिल कसं चढतंय?"

राजानंद हसला... आणि खांद्यावरची चावी पायावर पडता पडता वाचली. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, सगळं पाहिलं.

त्यानंतर पाण्याच्या दिवशी तो गल्लीत दोन-दोनदा यायला लागला.

"पाणी चढलं का बघायला आल्तो."

"चढलं?" ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पायल विचारायची.

"न्हाई."

"मंग एवढा वेळ काय बघून राह्यले?"

तो मान खाली घालायचा, खिशातली वही काढायचा आणि काहीतरी लिहायचा...

फेब्रुवारीत सर्वसाधारण सभा लागली. नोटिसा रद्द करायचा ठराव मी मांडणार होते, पण हातात पुरावा नव्हता. आदल्या दिवशी राजानंद घरी आला आणि ती वही माझ्यापुढे ठेवली. कोणता वॉल कधी सोडला, पाणी कुठपर्यंत गेलं, सहा महिन्यांचं सगळं.

"पोरा, कंत्राट जाईल तुझं."

"जाऊ द्या, मावशी. पण... फक्त पाण्याचं वाचा. बाकीचं नका वाचू."

सभेला पायल मागच्या बाकावर येऊन बसली. पाणीपुरवठ्याचे सभापती अप्पाराव वही बघून गुरगुरले, "ही तर कालच बसून लिहिलेली दिसती! खरी असंल तर अक्षर न् अक्षर वाचा."

राजानंद दारात उभा होता, कानापर्यंत लाल. मी चष्मा लावला.

"सतरा जानेवारी. सकाळी सहा दहाला वॉल सोडला. वरच्या गल्लीत पाणी चढलं नाही. ती आज हिरव्या ओढणीत होती... पंचवीस जानेवारी. पाणी चढलं नाही. ती बोलली नाही. कामात लक्ष लागलं नाही."

अप्पारावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बराबर आहे. पंचवीसला मी बोलले न्हाई." पायल उभी राहिली होती. नजर सरळ दाराकडे. "हंडे रिकामे व्हते, राग आल्ता. त्यांचा न्हाई... पाण्याचा. त्यांचा राग मला येतच न्हाई."

असलं कोणी बसून रचतं का? ठराव एकमताने मंजूर झाला. अप्पारावांचाही हात वर होता.

नोटिसा रद्द झाल्या, वरच्या गल्लीची पाणीपट्टी माफ झाली. राजानंदचं कंत्राट मार्चनंतर वाढवलं नाही. त्याने जालना शहरात, नवीन जालन्यात, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, आणि ते चांगलं चालतं. पुढच्या वर्षी बुद्धविहारात दोघांचं लग्न झालं. अप्पाराव जेवायला आले आणि वरण पातळ आहे म्हणून कुरकुरले. आता ते नाहीत. पायल परीक्षा देऊन दुसऱ्या एका नगरपरिषदेत लिपिक झाली, पाणीपट्टीच्याच खिडकीवर.

आणि मी? पुढची निवडणूक हरले. दुसऱ्याच दिवशी दोघं पेढे घेऊन दारात.

"अगं, हरल्याचे पेढे वाटतात का कुठं?"

राजानंद नुसता हसत राहिला. पायलने पेढा माझ्या तोंडात कोंबला.

"हरल्याचे न्हाई, मावशी. तुमी आजी होऊन राह्यल्या."