वाढत्या अंगाचा हातमोजा

"कुठल्या शाळेचा गणवेश, मॅडम?" शिलाई मशीनवरची मान वर न करताच गुरुशांतनं विचारलं.

"शाळा सोडून जमाना झाला," धनलक्ष्मी म्हणाली. "हातमोजा शिवायचाय."

आता मात्र त्याची मान वर झाली... आणि बाई गं, वरच राहिली! अक्कलकोट रोडवरच्या दोन-चार गणवेशाच्या कारखान्यांनी नाही म्हटलं, म्हणून ती सहज या दारात शिरली होती. आत असले डोळे बसलेत, हे तिला काय ठाऊक!

तिनं सोपं करून सांगितलं. हातमोज्यांची जोडी. एक चांगल्या हातात, त्यात ताण ओळखणारा धागा. दुसरा लकवा झालेल्या हातात, त्याला मऊ रबरी नळ्या. चांगली मूठ आवळली की छोटा पंप नळ्यांत हवा भरतो आणि दुसरी मूठही मिटते. नळ्यांचा तिनं स्वतः बनवला होता. धाग्याचा काही केल्या जमत नव्हता.

"म्हणजे तुमी मूठ आवळली की माझी बी मिटणार?"

"हो."

"लई धोक्याचं काम हाय की," तो हसला आणि टेप घेऊन तिच्या बोटांची मापं घेऊ लागला. एकेका बोटाला इतका वेळ? पण हात तिनंही मागे घेतला नाही.

आठवड्यानं हातमोजा तयार झाला. तिनं घातला, मूठ आवळली... दुसरा ढिम्म!

"अहो, सैल झालाय! धागा ताणलाच जात नाही."

"सैलच ठेवलाय. वाढत्या अंगाचं..." बोलता बोलता त्यानं जीभ चावली. जन्मभर पोरांचे गणवेश शिवलेला माणूस, सवय जाते होय!

"मी आता आणखी किती वाढणार?" ती हसली, मग हातमोजा काढू लागली. "उद्या दवाखान्यातले डॉक्टर ही जोडी बघणार आहेत. पटलं तर इथंच, सोलापुरात काम. नाही तर सोमवारी बंगळूर... नोकरी ठरलीय तिथं."

गुरुशांतचा चेहरा खर्रकन उतरला. "बसा हितंच," म्हणाला. उसवलं, टाचण्या लावल्या, पुन्हा शिवलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा तिच्यापुढं सरकवला. स्वतः चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी. चेहरा कोरा.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"आधी हा घाला."

नळ्यांचा हातमोजा त्याच्या हातात चढवला, धाग्याचा तिनं आपल्या उजव्या हातात घातला. डावा हात त्याच्या तळव्यावर ठेवला आणि उजवी मूठ हळूच आवळली. त्याची बोटं तिच्या हाताभोवती मिटली.

"चालतोय की!"

"चालतोय." तिनं पंपाचं बटण बंद केलं. नळ्यांतली हवा सुटली. आता त्याची मूठ उघडायला हवी होती. उघडली नाही.

"मशीन बंद आहे हं."

"ठाऊक हाय की."

"मग सोडा ना... सोमवारी गाडी आहे."

"न्हाय सोडत." त्याचा आवाज कापरा झाला, पण मूठ नाही. "धनलक्ष्मी, लई आवडता तुमी मला. पहिल्या दिवसापासनं. जाऊ नका..."

ती खुदकन हसली. हेच ऐकायला तर ती दवाखान्यातून तडक इथं आली होती!

"कुठं जातेय मी? डॉक्टरांना हातमोजा पसंत पडला. रुग्णांच्या मापाचे आणखी मागितलेत. आणि मला... मला तुम्ही पसंत आहात."

"सगळे... सगळे तंगच शिवतो," गुरुशांत कसाबसा म्हणाला.

"हातमोजे तंगच शिवा." तिनं आपली बोटं त्याच्या बोटांत गुंफली. "आपलं मात्र वाढत्या अंगाचं असू दे."