सातवं पान

"कैद्याच्या फाइलमधलं सातवं पान गायब आहे," समुपदेशक फोनवर म्हणाला. "आणि दोन वाजता सुटकेची बैठक!"

चौकशी अधिकारीबाई अर्ध्या तासात तुरुंगात पोचल्या. शेजारच्या मुलीवर अत्याचार केलेला तो कैदी नऊ वर्षं आत होता. सुटला तर आईकडे राहणार होता. त्याच घरात त्याची बहीण आणि तिची सहा वर्षांची मुलगी राहत.

"पानावर काय होतं?"

"गुन्ह्याची हकिकत, त्याच्या हातची. कालच मिळाली. वाचायची राहिली."

"आणि तुमचा अहवाल?"

"एकटेपणातून घडलं. घरच्या माणसांत राहिला की सुधारेल."

"म्हणजे पान तुमचं म्हणणं खोडणारं असेल, तर फायदा तुमचाच."

त्याचे कान लाल झाले. "मॅडम, फोन मीच केला ना?"

"चोरही करतात कधी कधी. फाइल कुणी हाताळली?"

"मी. कैदी तर जाळीपलीकडे असतो. सकाळी त्याची आई पत्ता लिहून द्यायला आली होती. दहा मिनिटं इथे एकटी होती. पण म्हातारी आहे हो, तीस वर्षं सूतगिरणीत राबलेली."

पानं दोऱ्यात ओवलेली होती. दोऱ्यावर एक गाठ होती, तांदळाच्या दाण्याएवढी, चपटी.

"ही तुम्ही मारली?"

"मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही!"

आई बैठकीसाठी बाहेर बाकावर थांबली होती. अधिकारीबाई शेजारी टेकल्या; समुपदेशक मागे उभा राहिला.

"मावशी, पान काढायला दोरा तोडावा लागला. दुसऱ्या कुणी ढोबळ गाठ मारली असती. तुमच्या हातांना तुटलेला धागा बघवला नाही. अशी गाठ गिरणीतच मारतात."

म्हातारीनं पिशवीतून घडी केलेलं पान काढलं.

अधिकारीबाईंनी ते वाचलं आणि समुपदेशकाला दिलं. "तीन महिने त्या मुलीचं दप्तर उचलून विश्वास मिळवला. तिची आई कामावर असायची ती वेळ निवडली. सर, एकटेपणा खरा आहे. पण ती एक पायरी झाली. पुढे त्यानं मनाला पटतील अशा सबबी शोधल्या, लाज बाजूला सारली, संधी तयार केली. या घरात ती आयती मिळेल."

"मी गिरणीत, तो घरी एकटा," म्हातारी पुटपुटली. "चूक माझीच ना?"

"गिरणीतल्या बाकी बायांची मुलंही एकटीच असायची, मावशी. त्यांनी असं केलं का?"

"लेक कामाला जाते, नात शाळेत. दुपारी मी एकटीच जेवते. वाटलं, पोरगा तरी समोर बसेल."

मग तिनं हात पुढे केला. "द्या कागद. माझ्या घरी नको, असं लिहा. सही करते."

सही करताना तिनं विचारलं, "मग कुठे ठेवाल त्याला?"

"सरकारी वसतिगृहात. देखरेखीखाली."

"भेटू देतात?"

"रविवारी."

तिनं मान हलवली. त्या दिवशी सोमवार होता.