हो म्हणणारं बोट

ती संमोहनाने उपचार करायची. तिच्या उपचाराच्या खोलीतली आरामखुर्ची करकरू लागली, म्हणून तिने सुताराला बोलावलं. त्याने ठोकठाक केली, खुर्ची नीट झाली का हे बघायला स्वतःच आडवा झाला, आणि पाच मिनिटांत घोरायला लागला.

"झालं का काम?"

तो धडपडून उठला. "तुम्ही मला... संमोहित केलंत?"

"मी फायली लावत होते. ती तुमची साधी झोप होती." तिला हसू आवरेना. "संमोहनात सगळं ऐकू येतं. वाटलं तर उठून जाता येतं. बोलावंसं वाटलं नाही, तर 'हो'साठी नुसतं बोट उचलायचं."

"आणि मनातलं काढून घेता येतं?"

"नाही. सांगायचं नसेल ते कुणीच सांगत नाही."

"मग बरंय," तो म्हणाला, आणि उगाचच लाजला.

त्यानंतर खुर्चीची तब्येत वरचेवर बिघडू लागली. कधी हात सैल, कधी पाय वाकडा. तो न बोलावता "जरा बघून जातो" म्हणत यायचा. भुवयांवर लाकडाचा भुसा तसाच. धडधाकट खुर्चीला एवढी देखभाल लागत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती दोन कप चहा ठेवायची.

एक दिवस तो मनगट धरून आला.

"गाठ झालीय. ऑपरेशन केलं नाही तर रंधा धरता येणार नाही म्हणतात. पण सुई दिसली की... दोनदा पळून आलोय. तुम्ही करा ना काहीतरी. तुमचा आवाज ऐकला की मला भीती वाटत नाही."

'हो' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

"मला नाही करता येणार. मी ज्यांच्याकडे शिकले, त्या मॅडमकडे जा."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. आमचा नियम आहे."

कुठला, ते तिला सांगता आलं नाही. त्याने मुकाट्याने हत्यारांची पिशवी उचलली.

तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. खुर्ची मात्र ठणठणीत होती, मेली. तिला त्या खुर्चीचा रागच यायला लागला.

मग एका दुपारी तो दारात उभा. मनगटाला पांढरी पट्टी.

"सुई टोचली तेव्हा मी मनातल्या मनात लाकूड तासत होतो. वासासकट. मॅडमनी शिकवलं." तो खुर्चीत टेकला. "त्यांना तुमचा नियमही विचारला. म्हणाल्या, घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत, आणि ज्याच्यात आपला जीव गुंतलाय त्याच्यावरही नाहीत." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी तर तुमच्या घरचा नाही..."

"नाही," ती म्हणाली. तिच्या सरावलेल्या आवाजाला आज कंप सुटला होता. "घरचे नाही तुम्ही. दुसरं आहे ते."

तिला राहवेना.

"पूर्ण शुद्धीत आहात ना?"

त्याने मान डोलावली.

"मग सांगा... तुमचाही जीव गुंतलाय?"

खुर्चीच्या हातावर, पट्टीतून डोकावणारं एक बोट, दुखत असतानाही, हळूच वर उठलं.