गाडीची उचकी

या, बसा. दिवा थोडा तुमच्याकडे ओढून घ्या. पाणी हवं असेल तर जग तिथे टेबलावर आहे, तेवढं तुम्हालाच घ्यावं लागेल. मला उठता येणार नाही. ही झोपली आहे आणि तिचा हात माझ्या हातात आहे. तो मला सोडता येत नाही. का, ते सांगतोच.

तुमच्या मिसेस गाडीत बसून बघतायत ना? बघू दे. चावी इथेच आहे, माझ्या खिशात. स्टिअरिंगपाशी बसल्यात म्हणालात, मग हरकत नाही.

विकताना गाडीचे दोष आपणहून सांगू नयेत, असं माझा मुलगा म्हणतो. पण मी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. गृहीतक झाकून ठेवून उत्तर काढायचं, हे मला जमत नाही. शिवाय तुम्हाला ही गाडी बायकोला शिकवायला हवी आहे. म्हणून तर सांगायलाच हवं. मी सांगतो ते सगळं असंच घडलं का, याची मला स्वतःला पूर्ण खात्री नाही. माझं वय तुम्ही बघताच आहात.

ही न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एका पायात जोर येईना. तो पाय नुसता लाकडासारखा पडून राही. मग तिला गावाबाहेर, तलावापलीकडच्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथे बस जात नाही. आमची जुनी गाडी नेमकी तेव्हाच निकामी झाली, म्हणून मी घाईघाईने ही घेतली. रोज दुपारी जेवण झालं की निघायचं, हिच्याजवळ बसायचं, उजेड असेतो परतायचं, असा क्रम होता.

गाडी चांगली होती. फक्त एक खोड. वेग घेताना लोण्यासारखी चाले. पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला, की आचके द्यायची. मान पुढे, मान मागे. तलावाच्या बांधावर उतार लागला की हमखास.

ते एकदा मुलाने पाहिलं. मागून त्याच्या गाडीतून येत होता. घरी आल्यावर जोडे काढता काढता म्हणाला, "बाबा, तुम्ही ब्रेक मारत मारत चालवता. मागचे लाल दिवे सारखे लागतात."

"मी ब्रेकला पायही लावला नाही."

"तेच म्हणतोय. तुम्हाला कळत नाहीये." मग जरा हळू, "आईला आम्ही आमच्याकडे नेतो. आमच्याकडे दोघांना जागा नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सवडीने येत जा, कोणाबरोबर तरी. येत्या रविवारी चावी माझ्याकडे द्या."

म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. दोष गाडीत, की माझ्या पायात? गाडीत निघाला तर ही माझ्याजवळ राहणार. पायात निघाला तर तिचं उरलेलं म्हातारपण एका गावी आणि माझं दुसऱ्या. गाडी नादुरुस्त निघावी म्हणून मी इतका आतुर झालो होतो, की मेकॅनिकलाही नवल वाटलं असेल.

त्याला सगळे कानसेन म्हणत. बॉनेटवर कान टेकून आजार ओळखतो, अशी त्याची ख्याती; अर्धी लोकांनी पसरवलेली आणि अर्धी त्याने.

"आचके नाही सर, ही उचकी आहे," त्याने पहिल्याच दिवशी निदान केलं. "कोणीतरी आठवण काढतंय गाडीची."

"मग औषध?"

"जो आठवण काढतो त्याचं नाव घ्यायचं. लगेच थांबते. तोवर मी थ्रॉटल साफ करतो."

त्याने थ्रॉटल साफ केलं. मग इंजिनखालची रबरं दबून गेली आहेत म्हणून ती बदलली. मग प्लग, मग केबल. दर खेपेला स्वतः फेरी मारून यायचा आणि हात पुसत म्हणायचा, "आता मांजरासारखी चालते." तो चालवी तेव्हा मी शेजारी बसलेला असे आणि गाडी खरंच मांजरासारखी चाले. मी चालवी आणि तो शेजारी बसे, तरी तशीच. मी एकटा निघालो, की बांधावर उचकी सुरू.

मी त्यातून काय निष्कर्ष काढावा? एकच निघत होता. कोणी बघत असलं की मी नीट चालवतो, एकटा असलो की माझा पाय भरकटतो. रात्री अंथरुणात मी पाय हलवून बघायचो. पाय तर माझं ऐकत होते.

शेवटी मी त्याला विनवलं. "तुम्ही मागच्या सीटवर बसा. आणि गाडी नका बघू, माझे पाय बघा."

"सर, पाय बघायला मी काय हाडांचा डॉक्टर आहे?" म्हणाला, पण बसला. मोबाइलची बॅटरी लावून दोन सीटच्या मधून पुढे वाकला. माझ्या शेजारची सीट तेवढी रिकामी.

स्वच्छ दुपार होती. बांधावर कोणी नव्हतं. पाणी अगदी निश्चल, काचेसारखं. उतार आला, मी पाय उचलला आणि मान पुढे गेली.

"क्लच दाबा," कानसेन म्हणाला. "क्लच दाबला की इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. इंजिनाची खोड असेल तर थांबेल."

मी क्लच दाबला. उचकी थांबली नाही.

"म्हणजे हा ब्रेकच आहे. सर, उजवा पाय कुठेय तुमचा?"

"तुम्हीच सांगा."

त्याने बॅटरीचा झोत पेडलवर धरला. मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय मी मुद्दाम बाजूला, दाराकडे ओढून घेतला होता. आणि मधला ब्रेकचा पेडल आपोआप खाली जात होता... वर येत होता... पुन्हा खाली. शांतपणे, कोणीतरी सवयीने पाय टेकवावा तसा. आणि दर वेळी शेजारच्या रिकाम्या सीटपुढून, मॅटखालून, आवाज येत होता. टक्.

गाडी थांबली. त्याने उतरून तिकडचं दार उघडलं, मॅट उचललं. खालच्या पत्र्यात भोकं होती, रबरी बुचांनी बंद केलेली.

"ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे ही," तो म्हणाला. "इथेही पेडल असतात. शेजारी मास्तर बसतो ना, त्याच्या पायाशी. विकताना काढून टाकतात." त्याने बुचांवर हात फिरवला. "काढलेले आहेत सर. इथे दाबायला काही नाहीच."

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला त्या क्षणी आनंद झाला. दोष गाडीत होता. माझे पाय शाबूत होते. ते काय आहे, कोण आहे, याचा विचार मागाहून. आधी डोळ्यांत पाणी आलं ते सुटकेचं.

परत येताना कानसेन पुढे बसायला तयार होईना. मागेच बसला, अंग चोरून. पुन्हा उचकी सुरू झाली. काही वेळाने तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सर... नाव घेऊन बघा."

"कोणाचं?"

"मला काय विचारता..."

मी मुलाचं नाव घेतलं. हिचं घेतलं. माझ्या गेलेल्या भावाचं घेतलं. गाडी आचके देतच होती. मग मागून कानसेनच पुटपुटला, "मास्तर."

गाडी मांजरासारखी चालू लागली.

तो गॅरेजच्या अलीकडच्या चौकातच उतरला. संध्याकाळी त्याचा फोन आला. ज्याच्याकडून मी गाडी घेतली त्या दलालाशी तो बोलला होता. मास्तर बसल्या जागीच गेला होता, त्याच सीटवर, शिकवता शिकवता. त्याचं एकच पालुपद असे: मी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. ना क्लच, ना स्टिअरिंग, ना अ‍ॅक्सिलरेटर. शेजारी शिकणारी बाई होती. तिला कळलंच नाही. तो सांगेल, तो सांगेल म्हणून ती त्याच वेगाने चालवत राहिली... पेट्रोल संपेपर्यंत.

"सर, गाडी माझ्याकडे आणू नका आता," कानसेन म्हणाला. "आणि शेजारी कोणी बसलं की ती नीट चालते. एवढं ध्यानात ठेवा."

तेवढंच मी ध्यानात ठेवलं. रविवारी मुलगा आला, शेजारी बसला, मी त्याला बांधावरून नेऊन आणलं. एकही आचका नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चावी मागितली नाही. उलट म्हणाला, "आईला घरीच आणू या मग." आणि केंद्राने तिला सोडायचं ठरवलं, त्या दिवशी मीच तिला आणायला गेलो.

मी मागचं दार उघडलं, तर ही म्हणाली, "अहो, मागे? मी काय सामान आहे?"

"मागे पाय पसरता येतील तुला."

"पाय पसरून पसरूनच कंटाळले. मला रस्ता बघू दे."

मी आणखी आग्रह करायला हवा होता का? मी अजून रोज स्वतःला हेच विचारतो. शेजारी कोणी बसलं की गाडी नीट चालते. हे सूत्र माझ्यापुढे होतं, पडताळून पाहिलेलं. पण बसणारा कोणाच्या जागेवर बसतो, आणि आधीचा मग कुठे जातो, हे पद मी त्यात धरलंच नव्हतं.

ती पुढे बसली. परिचारिकेने तिचा तो निर्जीव पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. आम्ही निघालो. ती बोलत होती, घरच्या कुंड्यांना पाणी घातलं का, दूधवाल्याने कटकट केली का. बांध आला. मी पाय सैल केला. गाडी छान, संथ चालली होती.

"अहो..." ती म्हणाली.

"काय गं?"

"तुम्ही पाय काढलात ना आत्ता?"

"हो. का?"

"माझा हा पाय... आपोआप दाबला जातोय."

मी पाहिलं. गेले कित्येक आठवडे ज्या पायाचा अंगठाही हलला नव्हता, त्याची टाच मॅटवर घट्ट रोवली होती. पोटरी ताठ झाली होती. आणि तिला उचकी लागली.

आधी ती हसली. "कोण आठवण काढतंय बाई." मुलाचं नाव घेतलं, सुनेचं, बहिणीचं. उचकी थांबेना. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असला की थांबे, उचलला की परत. तिला मी काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. आणि तिने समोर रस्त्याकडे बघत, जांभई द्यावी तसं सहज म्हटलं,

"मास्तर."

उचकी थांबली. "कोण मास्तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "काय? मी कुठे काय बोलले?"

घरी आणल्या रात्रीपासून असं आहे. ते नाव दुसऱ्यांदा चाललं नाही. मी तिचा हात धरून बसतो तोवर ती शांत. बोटं जरा सैल केली, की उचकी. इतकी, की श्वास कोंडतो, ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणतात, छातीखालच्या पडद्याचा दोष. त्यांनी औषध दिलं आहे. मुलगा, सून येतात तेव्हा आळीपाळीने हात धरून पाहतात, पण त्यांचा चालत नाही. माझाच लागतो. आणि झोपेत ती बोलते. आवाज तिचाच असतो. "मी सांगितल्याशिवाय... सोडायचं नाही."

म्हणून गाडी विकायला काढतोय. गाडी गेली की कदाचित... हा माझा नुसता कयास आहे, त्याला आधार काही नाही. आणि तुम्हाला फसवायचं नाही म्हणून सगळं सांगितलं. आता हवी तर घ्या, नको तर...

दारात कोण? तुमच्या मिसेस. या ना, आत या. फार वेळ बसवलं तुम्हाला बाहेर.

काय म्हणालात, स्टिअरिंगकडचं दार आतून उघडेना? हो, त्याची आतली कडी अडकते, मी सांगायला विसरलोच. मग कशा उतरलात?

शेजारच्या सीटवरून.

बसला होतात का तिथे? ...थोडा वेळच. पाय लांब करून. बरं.

नाही, नाही, काही नाही झालं. तुम्ही हसताय, पण जपून. बसा आधी. अहो, तुम्ही त्यांचा हात धरा. माझ्याकडे नका बघू, त्यांचा हात धरा. घट्ट... उचकीच आहे ती.

ही बघा किती गाढ झोपली आहे. आणि माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर आहेत. केव्हा सुटला तिचा हात, मला कळलंच नाही.

थांबा. पाणी मी आणतो त्यांना. आता मला उठता येईल.